काळ्या चिखलाचा कोंडलेला श्वास



उन्हे कलल्यावर मोकळ्या पटांगणात बसावे आणि कोणाचे तरी चार शब्द ऐकावे, ही वसंतातली आपली जुनी चाल आहे. या व्यासपीठावरून काव्य, इतिहास, राजकारण यांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या असतील. आज आम्ही घेऊन आलो आहो तो विषय मात्र अगदीच नीरस वाटण्याजोगा आहे. तो विषय म्हणजे काळा चिखल. तासाभराने आपण उठून जाल तेव्हा या चिखलाविषयी आपल्याला थोडी कृतज्ञता आणि थोडी काळजी वाटू लागली, तर आमचे येणे कारणी लागले असे आम्ही समजू.

याच दिवसांत आमच्या लहानपणी गावाकडे विहिरीचा गाळ काढीत. वैशाखात पाणी तळाला गेले की गडी बोलावीत. पण गडी आत उतरण्यापूर्वी घरातील वडील माणूस एक पेटता कंदील दोराला बांधून हळूहळू खाली सोडी. कंदील तळापर्यंत जळत राहिला तर उतरावयाचे. तो मिणमिणून विझला, तर विहीर कोंडली आहे असे म्हणून कोणी आत पाय टाकीत नसे. मग कडुलिंबाच्या डहाळ्यांचे जुडगे दोराने खालीवर करून आतली हवा हलवीत आणि पुन्हा कंदील सोडीत. अखेर पाट्या वर येऊ लागत. त्यांतला गाळ काळाकुट्ट असे आणि त्याला नासक्या अंड्यासारखी घाण येई. मौज अशी की तोच गाळ काठावर पसरून ठेवला म्हणजे थोड्या दिवसांत त्याचा काळेपणा जाऊन तो तपकिरी होई. आम्ही आजोबांना विचारले, "हा खाली काळा का असतो?" ते म्हणाले, "अरे, त्याचा श्वास कोंडलेला असतो."

पुढे आम्ही भूगर्भशास्त्राच्या वाटेला लागलो, पोथ्या वाचल्या, खडक फोडले. परंतु आजोबांच्या त्या उत्तरात दुरुस्ती करण्याचा प्रसंग आमच्यावर आला नाही. आजचे आमचे सारे व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्यावरचे भाष्य आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. काळा खडक म्हटले की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कातळ उभा राहतो. आपले गड त्याचे, वेरूळचे कैलास लेणे त्याचे आणि घरचा पाटा-वरवंटाही बहुधा त्याचाच. हा कातळ अग्निजन्य आहे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाला भेगा पडून लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थिजले, तो हा बेसाल्ट. विस्तवातून आलेल्या या खडकात जीवाचा अंश नाही. त्याचा काळेपणा त्यातील लोहयुक्त खनिजांचा आहे.

आज आपण पाहणार आहो तो काळा खडक निराळ्या कुळातला. तो पाण्याखाली जन्मला. नद्या जी माती वाहून नेतात ती समुद्रात किंवा सरोवरात संथपणे तळाशी बसते. तीवर दुसरा थर बसतो, त्यावर तिसरा. वरच्या भाराने खालचे पाणी पिळून निघते आणि कालांतराने चिखलाचा दगड बनतो. अशा खडकांना गाळाचे किंवा स्तरित खडक म्हणतात. त्यांत वाळूचा झाला तो वालुकाश्म, शंख-शिंपल्यांच्या चुन्याचा झाला तो चुनखडक, आणि अगदी बारीक मातीचा, पोथीच्या पानांसारखा पापुद्र्यांनी सुटणारा झाला तो शेल. शेल करडा असतो, तांबडा असतो, हिरवट असतो. पण कोठे कोठे तो कोळशासारखा काळा असतो. त्याचा ताजा तुकडा फोडून नाकाशी धरला तर कधी कधी घासलेटाची पुसट आठवण व्हावी असा वास येतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर लोह व गंधक यांच्या संयोगाचे सोनेरी कण त्यात चमकताना दिसतात. या काळ्या शेलनेच मानवजातीला खनिज तेल दिले. ही गोष्ट शास्त्रज्ञांना कशी उमगली, ते आता सांगतो.

रॉकेल हा आपला घरगुती शब्द 'रॉक ऑइल'वरून आला. रॉक ऑइल म्हणजे खडकाचे तेल, आणि पेट्रोलियम या शब्दाचाही अर्थ तोच. म्हणजे तेल खडकातून येते हे नावातच होते. पण खडकात ते आले कोठून? कास्पियन समुद्राच्या काठी बाकू शहर आहे. त्याजवळ सुराखानी येथे जमिनीतून आपोआप ज्वाळा निघत. सतराव्या-अठराव्या शतकांत हिंदुस्थानातून गेलेल्या व्यापाऱ्यांनी तेथे ज्वाळेचे देऊळ उभारले. त्याच्या भिंतींवर देवनागरी आणि गुरुमुखी लिपींतील शिलालेख आजही आहेत. ती नैसर्गिक ज्योत 1969 साली विझली आणि आता तेथे नळाने आणलेल्या वायूवर ज्योत पेटत ठेवतात. भाविकांनी त्या ज्वाळेला देवी मानले. शास्त्रज्ञांना तिचे मूळ शोधावयाचे होते.

याच बाकूचे तेल पाहून आलेला रशियाचा थोर रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेयेव्ह याने 1877 साली एक कल्पना मांडली. मूलद्रव्यांचे कोष्टक तयार करणारा तो हाच. पृथ्वीच्या खोल पोटात लोखंड व कर्ब यांची संयुगे असावीत, भेगांतून झिरपलेले पाणी त्यांस भेटत असावे आणि त्यातून तेल उत्पन्न होत असावे, असे त्याचे म्हणणे. प्रयोगशाळेत अशा क्रियेतून तेलासारखे पदार्थ निघतातही. तेव्हा हा तर्क पोरकट नव्हता. तो खरा असता तर तेलाला अंत नसता. जोवर पृथ्वीच्या पोटात लोखंड आहे आणि वर पाणी आहे, तोवर तेल बनतच राहिले असते. तेलाचे मूळ हा प्रश्न केवळ विद्वानांच्या वादाचा नव्हता, हे यावरून लक्षात येईल. ठेव किती आहे, ती कोठे शोधावयाची आणि ती पुन्हा भरते की नाही, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून होते.

उत्तराचा धागा सापडला तो बाकूच्या पश्चिमेस, कॉकेशस पर्वताच्या पलीकडच्या काळ्या समुद्रात. 1890 साली आंद्रुसोव्ह हा रशियन भूगर्भशास्त्रज्ञ एका नौकेवरून या समुद्राची खोली व पाणी तपासण्यास निघाला. त्याने खोल पाण्याचे नमुने वर काढविले तेव्हा त्यांना नासक्या अंड्यांची घाण येत होती. तोच आमच्या विहिरीचा वास! वरचे शंभर-दोनशे मीटर पाणी सोडले तर खाली दोन हजार मीटरांहून अधिक खोल तळापर्यंत या समुद्रात प्राणवायू नाही. तेथे गंधकाचा विषारी वायू मुरलेला आहे. मासा नाही, खेकडा नाही, किडा नाही. प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्म जंतू तेवढे आहेत.

असे का व्हावे? काळ्या समुद्राला बाहेरचे दार एकच, आणि ते बॉस्फरसच्या अरुंद व उथळ सामुद्रधुनीचे. डॅन्यूब, नीपर, डॉन या मोठ्या नद्या त्यात गोडे पाणी ओततात. ते हलके म्हणून वर तरंगते. भूमध्य समुद्राकडून येणारे खारे पाणी जड म्हणून तळाशी जाते. ही दोन पाणी एकमेकांत सहज मिसळत नाहीत आणि वरची हवा खाली पोचत नाही. वरच्या उजेडात सूक्ष्म वनस्पती व प्राणी अगणित जन्मतात, मरतात आणि खाली पडतात. ते कुजताना खाली होता नव्हता तो प्राणवायू संपून गेला आणि मग कुजणेच मंदावले.

आमच्या भगिनींना हे पटवून देण्याची गरज नाही. लोणच्याच्या बरणीत फोडींवर तेल का ठेवावयाचे, हे त्यांना आम्ही काय सांगावे? हवा लागली की बुरशी आली. काळा समुद्र ही तशीच एक प्रचंड बरणी आहे. तिच्यात काय टिकून राहते याचा एक नमुना 2018 साली जगापुढे आला. दोन किलोमीटर खोलीवर सुमारे 2400 वर्षांपूर्वीचे एक ग्रीक व्यापारी गलबत सापडले. त्याची डोलकाठी उभी होती आणि वल्हवणाऱ्यांची बाके जागच्या जागी होती. इतर बहुतेक समुद्रांत लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी त्याचा केव्हाच फडशा पाडला असता.

आता हा धागा जमिनीवर आणण्याचे काम ज्यांनी केले त्यांत आर्खांगेल्स्की या भूगर्भशास्त्रज्ञाचे नाव आदराने घेतले पाहिजे. उत्तर कॉकेशसमध्ये तेल निघते. तेथील खडकांत मायकोप नावाचा काळसर चिकणमातीचा जाड थर आहे. आर्खांगेल्स्कीने 1920 नंतरच्या दशकात एकीकडे काळ्या समुद्राच्या तळाचा आजचा चिखल अभ्यासला आणि दुसरीकडे कॉकेशसच्या तेलप्रदेशातील पुरातन खडक. दोहोंत त्याला साम्य दिसले. तोच पातळ पापुद्र्यांचा थर, तोच जिवंत सृष्टीच्या अवशेषांचा भरपूर अंश, तळाला राहणाऱ्या प्राण्यांचा तोच अभाव. तळाशी किडे नाहीत म्हणून चिखल कोणी चिवडत नाही, आणि चिवडत नाही म्हणून त्याचे पापुद्रे जसेच्या तसे राहतात. यावरून त्याने उत्तर कॉकेशसच्या तेलाची उपपत्ती मांडली आणि 1927 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. रशियन व जर्मन भाषांत अशा खडकाला 'माता-खडक' अशा अर्थाचा शब्द आहे. आम्हीही तोच पत्करतो. तेल ज्या वाळूत सापडते ते त्याचे सासर आणि काळा शेल हे त्याचे माहेर.

पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. मेंडेलेयेव्हच्या पक्षाचा माणूस म्हणू शकत होता की शेल आणि तेल शेजारी असतील, म्हणून काही आई आणि लेकरू ठरत नाहीत. हा वाद मिटविणारी साक्ष रसायनशाळेतून आली. म्युनिक येथे हान्स फिशर यांच्या हाताखाली आल्फ्रेड ट्राइब्स नावाचे संशोधक काम करीत. फिशर यांना रक्तातील लाल द्रव्याच्या रचनेच्या अभ्यासाबद्दल 1930 साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्या तांबड्या द्रव्याचा आणि पानांतील हिरव्या द्रव्याचा सांगाडा एकाच घराण्यातला असतो. ट्राइब्स यांनी 1934 पासून खनिज तेलाचे व तेलधारी शेलचे कितीतरी नमुने तपासले आणि त्यांत त्याच घराण्याचे रेणू शोधून काढले. हिरव्या पानाच्या रंगद्रव्यातील मॅग्नेशियम निघून गेले होते, त्याच्या जागी व्हॅनेडियमसारखा धातू येऊन बसला होता, पण सांगाडा ओळखू येत होता. लोखंड आणि पाणी यांच्या भेटीतून असा सांगाडा निर्माण होत नाही. त्याला सूर्यप्रकाशात वाढलेला जीवच लागतो. शिवाय हा रेणू नाजूक, भट्टीच्या उष्णतेत टिकणारा नव्हे. म्हणजे तेल पृथ्वीच्या तप्त गाभ्यातून आलेले नाही, हेही ठरले.

एखाद्या अनोळखी पोराच्या हनुवटीवरून आपण म्हणतो, "हा अमक्याचा नातू दिसतो." पुढील काळात तेलातील अशा अनेक रेणूंवरून कोणते तेल कोणत्या शेलचे हे ओळखण्याची स्वतंत्र विद्याच निर्माण झाली. तिचे आद्य पुरुष ट्राइब्स होत.

आता चिखलाचे तेल कसे होते ते थोडक्यात पाहू. चिखलातले जीवद्रव्य प्रथम मेणचट, न विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतरित होते. त्याला केरोजेन म्हणतात. हा शब्द मेणाला असलेल्या ग्रीक शब्दावरून बनविला आहे, आणि आपल्या परिचयाचा केरोसिन शब्दही त्याच मुळापासून निघाला आहे. हा शेल गाळाखाली गाडला जातो. जितके खोल जावे तितकी उष्णता वाढते, साधारणपणे दर किलोमीटरला 25 ते 30 अंश. साठ अंशांच्या सुमारास केरोजेन तुटून तेल सुटू लागते. दीडशे अंशांच्या पलीकडे गेले की तेलही तुटते आणि वायू तेवढा उरतो. कमी शिजले तर तेल नाही, करपले तर तेल नाही. ही चूल मंद आहे आणि तीवर लक्षावधी वर्षे शिजवावे लागते.

खडक किती शिजला हे ओळखण्याची युक्ती ऐकून आपल्याला हसू येईल. शेलमध्ये वनस्पतींचे पराग आणि बीजकण सापडतात. ते मुळात फिकट पिवळे असतात. उष्णता लागली की ते नारिंगी होतात, मग तपकिरी, मग काळे. थालीपिठाची भाजणी करताना गृहिणी रंग पाहूनच कढई उतरविते. आम्ही सूक्ष्मदर्शकातून परागांचा रंग पाहून सांगतो की हा शेल कच्चा आहे, नीट भाजला आहे की करपला आहे.

सुटलेले तेल आईच्या घरी राहत नाही. शेलची छिद्रे अतिसूक्ष्म असल्यामुळे त्यातील बराच भाग दाबाने बाहेर ढकलला जातो. तेल पाण्याहून हलके, म्हणून ते खडकांतील पाण्यातून वर सरकत जाते. वाटेत सच्छिद्र वालुकाश्म किंवा चुनखडक भेटला, त्यावर चिकणमातीचे घट्ट झाकण असले आणि थरांना पालथ्या परातीसारखा बाक असला, तर ते तेथे अडकते. झाकण नसेल तर वर येऊन वाया जाते. तेव्हा जमिनीखाली तेलाची सरोवरे असतात ही समजूत आपण सोडून द्यावी. भिजलेल्या विटेत पाणी असते तसे ते खडकाच्या छिद्रांत भरलेले असते.

आता आपल्या देशाकडे येऊ. आसामात दिग्बोई येथे 1889 साली तेल लागले आणि 1901 साली तेथे शुद्धीकरणाचा कारखाना निघाला. 1947 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा आसामाखेरीज कोठेही आपले तेल निघत नव्हते. भूमी मिळाली, पण दिवा परक्या तेलावर, अशी स्थिती होती. केशवदेव मालवीय यांच्या पुढाकाराने आणि सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने 1956 साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि गुजरातेतील खंबायतच्या खोऱ्यात शोध सुरू झाला. 1958 साली खंबायतजवळ लुणेज येथे तेल लागले. 1960 साली नर्मदेच्या दक्षिणेस अंकलेश्वरला मोठे तेलक्षेत्र सापडले. तेथील पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी वसुधारा हे नाव दिले.

हे तेल आले कोठून? येथे महाराष्ट्रीयांना कौतुक वाटावे अशी गोष्ट आहे. या खोऱ्यात छिद्र खोल खोल नेत गेले की शेवटी आपलाच सह्याद्रीचा काळा कातळ लागतो! लाव्हा थिजल्यावर जमीन खचून तेथे उत्तर-दक्षिण असा लांबट, अरुंद खळगा पडला. कातळाची झीज होऊन प्रथम तिचाच भरड गाळ त्यात साठला. मग पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वी समुद्र आत शिरला आणि बंदिस्त आखातासारख्या त्या जागेत काळसर गाळाचे शेकडो मीटर जाडीचे थर बसले. त्यात सागरी सूक्ष्म जीव होते, तसा काठच्या रानांतून वाहून आलेला पालापाचोळाही होता. या थरांना खंबायतचा शेल म्हणतात. तोच या तेलाची माता. या खोऱ्यातील जमिनीची उष्णता नेहमीपेक्षा अधिक असल्यामुळे चूल जरा लवकर पेटली. अंकलेश्वरचे तेल ज्या वालुकाश्मात सापडले तो या शेलच्या वर आहे. म्हणजे अग्नीतून जन्मलेला काळा खडक खाली पाटासारखा मांडलेला, आणि त्यावर पाण्यातून जन्मलेला काळा खडक बसलेला, असे हे चित्र आहे.

पुढे फेब्रुवारी 1974 मध्ये सागर सम्राट या यंत्रनौकेने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरांवर समुद्राखाली तेल शोधले, ते मुंबई हाय. तेथे तेल चुनखडकात साठले आहे. पण ते जन्मले आजूबाजूच्या खोलगट भागांतील जुन्या काळ्या शेलमध्ये आणि तेथून सरकत त्या उंचवट्यावर येऊन थांबले. उंचवटा पाहून छिद्र पाडणारा आणि खळग्यात आई आहे की नाही हे विचारणारा, या दोघांत जो फरक आहे तोच नशीब आणि शास्त्र यांतला फरक होय. आता तर छिद्रात यंत्र सोडून कोणत्या खोलीवर काळा शेल आहे ते वरून कळते, कारण त्यात युरेनियमचा अंश पुष्कळदा अधिक असतो आणि त्याचे किरण यंत्र टिपते. विहिरीत कंदील सोडण्याचाच हा प्रकार, फक्त दोर लांबला आहे.

सभ्य गृहस्थहो, येथे व्याख्यान संपविले असते तर ते विज्ञानाच्या विजयाचे व्याख्यान झाले असते. परंतु हिशेबाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून खाली बसणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

वनस्पती हवेतील कर्बवायू घेते, कर्ब आपल्या देहात ठेवते आणि प्राणवायू सोडते. ती कुजली की तोच प्राणवायू परत खर्ची पडतो. जमा आणि खर्च बरोबर. शिल्लक शून्य. मग या पृथ्वीच्या हवेत शेकडा 21 भाग प्राणवायू शिल्लक राहिला कसा? त्याचे मोठे कारण असे की जीवद्रव्याचा फार थोडा अंश कुजण्यातून निसटला आणि चिखलात गाडला गेला. जेवढा कर्ब गाडला गेला तेवढ्याचा प्राणवायू वर मोकळा राहिला. तळाचा चिखल श्वासावाचून राहिला म्हणून आपल्याला श्वास घेता येतो. विहिरीच्या तळच्या त्या घाणेरड्या गाळाकडे आम्ही आदराने पाहतो ते यामुळे.

हे खाते आपण उलटे चालवीत आहो. आज जग दररोज सुमारे 10 कोटी पिंपे तेल वापरते. एक पिंप 159 लिटरांचे, तेव्हा दिवसाला दीड हजार कोटी लिटरांहून अधिक झाले. आपला देश आपल्या गरजेपैकी शेकडा 85 हून अधिक तेल बाहेरून आणतो. सासरी साठलेले तेल पुरेना म्हणून आता माहेरच खणण्यास सुरुवात झाली आहे. अमेरिकेत जॉर्ज मिचेल नावाच्या उद्योजकाने 1981 पासून टेक्ससमधील बार्नेट या काळ्या शेलमधून थेट वायू काढण्याचा ध्यास घेतला. पाण्याच्या प्रचंड दाबाने खडकाला बारीक तडे पाडण्याची त्याच्या माणसांची रीत 1998 च्या सुमारास साधली. पुढे आडव्या छिद्रांची तिला जोड मिळाली आणि इतर शेलमधून तेलही निघू लागले. 2018 साली अमेरिका जगात सर्वांत अधिक कच्चे तेल काढणारा देश ठरली, ती मुख्यतः यामुळे.

तेव्हा उद्या तेल संपेल म्हणून दिवे मालवावे लागतील, असे भय आम्ही घालीत नाही. हवेतला प्राणवायू संपेल असेही नाही. गाडलेल्या एकंदर कर्बापैकी आपल्या हाती लागण्यासारखा भाग हजारांत एक हिस्साही नाही, बाकीचा खडकांत विखुरलेला आहे. भय निराळेच आहे. हवेत प्राणवायू दहा लाखांत दोन लाखांहून अधिक भाग आहे, पण कर्बवायू काही शेच भाग आहे. मोठ्या तिजोरीतून चार पैसे गेले तर कळत नाही, पण चिमूटभर मीठ लागणाऱ्या आमटीत मूठभर पडले तर तत्काळ कळते. ज्या 1958 साली लुणेजला तेल लागले, त्याच साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हवेतील कर्बवायू नेमाने मोजण्यास आरंभ केला. तेव्हा तो दहा लाखांत सुमारे 315 भाग होता. आज तो 420 च्या वर गेला आहे. कोळसा आणि तेल जाळल्याचा हा जमाखर्च आहे. त्याने पृथ्वी तापते, हे आता वादाचे राहिलेले नाही.

पृथ्वी यापूर्वीही तापली होती. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी हवेत कर्बवायू फार वाढला होता, समुद्र उबदार झाले होते, आणि त्यांतील मोठमोठ्या भागांचा प्राणवायू हरपून कितीतरी ठिकाणी एकाच वेळी काळा शेल बसला. 1976 साली श्लँगर आणि जेंकिन्स या दोघा भूगर्भशास्त्रज्ञांनी समुद्रतळाच्या छिद्रांतून निघालेले खडक जुळवून अशा घटना ओळखल्या. पृथ्वीने तेव्हा जादा कर्ब काळ्या चिखलात पुरून तोल सावरला. पण सावरण्यास तिला लक्षावधी वर्षे लागली आणि मध्यंतरी समुद्रातील पुष्कळ जीव गुदमरले. पृथ्वीला औषध माहीत आहे. ते लागू पडेपर्यंत थांबण्याइतके आयुष्य मात्र आपल्याला नाही.

मग तेल वापरूच नये काय? ज्याच्या घरी दुसरा दिवा नाही त्याला असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही येथवर आलो तेही मोटारीनेच. पण मेंडेलेयेव्हची कल्पना खरी असती तर तेल हे ओढ्याचे पाणी ठरले असते, आज उपसले तर उद्या भरले. काळ्या शेलने सांगितले की ते पणजोबांनी पुरून ठेवलेले द्रव्य आहे. ते खर्चावयाचे असेल तर घर बांधण्यासाठी खर्चावे, दिवाळीच्या फटाक्यांसाठी नव्हे. सूर्याचा, वाऱ्याचा, पाण्याचा नवा दिवा लावण्यासाठी जुन्या दिव्याचे तेल वापरावे. एवढा विवेक त्या चिखलाच्या अभ्यासाने आम्हांस शिकविला.

शेवटी पुन्हा आमच्या विहिरीकडे. आजोबा जो कंदील आत सोडीत तो घासलेटाचा असे. कोठल्या तरी पुरातन समुद्राच्या कोंडलेल्या चिखलातून ते तेल आलेले, आणि खाली दुसऱ्या कोंडलेल्या चिखलाजवळ माणसाला श्वास घेण्यापुरती हवा आहे की नाही हे ते जळून सांगत असे. कंदील विझू लागला तर आजोबा गड्याला उतरू देत नसत. कितीही घाई असली, कितीही टंचाई असली तरी ते थांबत, आधी हवा मोकळी करीत. मौना लोआवर ठेवलेले ते मोजमापाचे यंत्र हा आमच्या पिढीचा कंदील आहे. तो काय सांगतो ते आपण वाचू शकतो. आता थांबण्याइतका शहाणपणा आपण दाखवितो की नाही, हा प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.